नागपूरची स्वीडिश सरदारीण

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात कुणी ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असं विचारलं, की सुमनमावशी सांगत, "माहेर नागपूर, सासर स्वीडनचं सरदार घराणं." ऐकणारा हसला तर त्याची धडगत नसे. त्याच्या हातात चहा देऊन त्याला मूळपुरुषापासून सगळं ऐकवलं जाई. त्यांच्याकडे जेवायला जाणारे आम्ही विद्यार्थी पाठीमागे त्यांना सरदारीणबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मूळपुरुष स्वीडिश नव्हताच. तो स्कॉटलंडहून स्वीडनच्या राजाच्या सैन्यात नोकरीला आला होता. लढाई संपली, सोबतचे घरी गेले, हा राहिला. राजाने त्याला सरदारकी आणि घराण्याचं मानचिन्ह म्हणून तीन माशांचं चित्र असलेली ढाल दिली. "म्हणजे तुमच्यासारखाच रे," मावशी म्हणायच्या. "व्हिसावर आला आणि परतीचं तिकीट कॅन्सल केलं!" पुढे एका वंशजाने लोखंडाचा कारखाना काढून बुडवला, आणि मावशींच्या यजमानांचे, निल्सकाकांचे, आजोबा सुतारकाम करायला अमेरिकेत आले. काकांना यातलं काही धड सांगता येत नसे. कुणी विचारलं की ते मावशींकडे बोट दाखवून पुन्हा पोळी खायला लागत.

मावशींना तपशिलातली चूक मात्र खपत नसे. मी एकदा पाहुण्यांसमोर मूळपुरुषाला सेनापती करून टाकलं. "साधा शिपाई होता!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "वाढवून सांगायला आपण काय लग्न जमवतोय?"

ती ढाल, म्हणजे तिची लाकडी प्रतिकृती, दिवाणखान्यात टांगलेली होती. दसऱ्याला मावशी तिला हळदकुंकू वाहत. ढाल हे शस्त्रच, असं त्यांचं म्हणणं. कुंकवाने तिन्ही माशांचे कल्ले लाल झाले होते.

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी चार-पाच तासांवरच्या अ‍ॅशबर्नला नोकरी करत होतो. लगेच गाडी काढली. फार वाईट वाटत होतं. दफनाच्या वेळी मावशींनी पिशवीतून ढाल काढली आणि तिच्यापाठोपाठ हातोडा. सरदारकी फक्त मुलग्यांकडून पुढे जाते, आणि घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की त्याच्या शवपेटीपाशी ढाल मोडायची, अशी तिकडची जुनी रीत. काकांना भाऊ-पुतणे नव्हते. एकच मुलगी, इरा.

"घराणं संपलं," मावशी कोरड्या डोळ्यांनी म्हणाल्या. "रीत आहे, पाळायला हवी." त्यांनी हातोडा उचलला.

"आई, वेट," इरा म्हणाली. "संपलं म्हणजे? मग मी कोण?"

मावशींचा हात वरच राहिला. ही रीत त्या वर्षानुवर्षं आम्हाला कौतुकाने सांगत आल्या होत्या. शेजारी जेवायला बसलेल्या आपल्या पोरीला ती ऐकून काय वाटत असेल, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"रीतच चुकीची आहे," त्या म्हणाल्या. हातोडा त्यांनी माझ्या हातात दिला, आणि मग कुठे त्यांना रडू फुटलं.

परतताना मी ड्राइव्ह करत होतो. मागच्या सीटवर मायलेकी, इराच्या मांडीवर ढाल. लहानपणापासून घराण्याची गोष्ट निघाली की ही मुलगी पानावरून उठून आपल्या खोलीत जायची.

"आई," ती म्हणाली, "फ्रॉम द बिगिनिंग सांग. हळूहळू. मला पाठ करायचंय."