आबांचा डोळा आणि सरड्याचे धागे

मी सरड्याच्या मेंदूवर संशोधन करते, हे आमच्या निमगाव सावात सांगायची सोय नाही. "एवढं शिकून सरडं?" म्हणत लोक आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, दयेनं बघतात. आबाही टोमणे मारायचे. एका सुट्टीत चिडून मी त्यांना मोबाइलवर मेंदूच्या रंगवलेल्या पातळ कापाचा फोटो दाखवला. सरड्याच्या एका डोळ्यानं टिपलेलं बहुतेक सगळं मेंदूच्या पलीकडच्या बाजूला जातं. त्या दोन बाजू मधोमध बारीक धाग्यांनी जोडलेल्या असतात, आणि ते धागे शोधणं हेच माझं काम, असं ऐटीत सांगितलं. आबांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि टोमणा न मारता मोबाइल परत दिला. मला वाटलं, जिंकले.

पुढं त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. नारायणगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि आबा दिवस ढकलू लागले. आधी द्राक्षांची छाटणी, मग टोमॅटोचा तोडा. उजव्यानं आता माणूसही ओळखू येईना. हा गडी घाबरलाय आणि कबूल करत नाही, असा मला दाट संशय. शेवटी मी त्यांना विहिरीवर पाण्याच्या मोटारीपाशी गाठलंच.

"तूच फोटो दावला ना, दोन्ही बाजू जोडल्यात म्हनून?" ते म्हणाले. "लाइटीचा एक फेज गेला की आख्खी मोटार जळती. उजव्याला हात लावला आन् डावा गेला तर?"

मी कपाळावर हात मारला. हा माणूस माझ्याच शहाणपणापायी आंधळा होणार होता!

"अहो आबा, तो सरडा आहे. काही होत नाही."

"डाक्तरबी तेच म्हनला. फवारणीचं औषध देनाराबी तेच म्हनला व्हता, निम्मी बाग करपली." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "सरड्याचं ते धागं तुटलं, तर दुसऱ्या डोळ्याला दिसतं का न्हाई?"

'दिसतं' हे उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण मी बघते ते मेलेल्या सरड्यांचे मेंदू. मला स्वतःची लाज वाटली.

"मला ठाऊक नाही, आबा. जिवंत सरड्यात मी ते कधी पाहिलंच नाही. तुमच्या डाव्या डोळ्याचं डॉक्टरांनाच विचारू, तुमच्यासमोर."

आबांनी मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीचं झाकण लावलं.

"ठाऊक न्हाई म्हनलीस ना, मग जाऊ सोमवारी," ते म्हणाले. "मला डाक्तरचा एवढा संशय नव्हता, पोरी. तुझा व्हता."