डब्यांचा खांब

आमची आत्या मशीन उघडून बसली असेल तर मध्ये बोलू नका. ती उत्तर देत नाही, आणि दिलंच तर ते तुम्हाला झोंबतं. तीस वर्षं तिनं शिलाई मशीनं दुरुस्त केली. बाजाराच्या कोपऱ्यावर एक खोली, खिळ्यांना लटकलेले पट्टे, हाताशी तेलाची झारी. त्याच खोलीत तिनं एक पेटी जुळवली. पेटीचे दोन दांडे मातीत रोवायचे. माती सुकली की पंप आपोआप सुरू, पुरेशी भिजली की बंद.

बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, हे पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. विहीर दर उन्हाळ्यात तळ गाठायची, तरी हे मोटर सुरू करून खुशाल गप्पा मारायला जायचे. शेवटी कंटाळून त्यांनी मिरचीच्या रानाचा एक तुकडा तिला दिला. तिनं कडेला खांब रोवून त्यावर पेटी बसवली.

"वाळली तर पेटी भंगारात. आणि माझ्या शेतीत पुन्हा नाक खुपसायचं नाही. कबूल?"

"कबूल, दादा."

नवव्या दिवशी मिरचीनं माना टाकल्या. पेटीचं म्हणणं मात्र एकच: माती ओली आहे. बाबा तर पेटी उपटायलाच निघाले.

"दुपारपर्यंत थांब," आत्या म्हणाली आणि बांधावर जाऊन पेटीकडे बघत बसली. तिनं पेटी उघडलीसुद्धा नाही.

दुपारी खुरपणाऱ्या बायकांची सुट्टी झाली. आठवडाभर त्या तिथेच काम करत होत्या. साऱ्या शेतात पिशव्या अडकवायला खांब एकच, पेटीचा. त्या तिथेच जेवल्या आणि डबे, हात सगळं खांबाच्या बुडाशी धुतलं.

आत्या एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, माझी पेटी आठ दिवस तुमच्या डब्यांचं पाणी मोजतेय!"

बायका ओशाळल्या. "आम्हाला काय माहीत, बाई?"

"तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही जेवायला कुठे बसता, ते मीच विचारायला हवं होतं."

तीस वर्षांची कारागीर, भावासमोर आणि चारचौघींत, आपली चूक अशी सरळ कबूल करते! मला तिचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता. तिनं मिरचीला लगेच पाणी सोडलं, पेटी सऱ्यांच्या मधोमध हलवली आणि जुन्या खांबाला पिशव्यांसाठी आणखी तीन खिळे ठोकले.

मिरची सावरली. पुढे बाबांनी सगळं शेत पेटीवर टाकलं, आणि त्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ पहिल्यांदाच दिसला नाही. बाबा अर्थात तिचं कौतुक करतील तर शपथ.

मग एकदा शेजारच्या शेतकऱ्यानं बांधावरून विचारलं, "मिरचीला पाणी किती देता हो?"

जन्मात कुणाचा सल्ला न घेतलेल्या बाबांनी खिशातून फोन काढला. "थांबा," ते म्हणाले, "धाकट्या बहिणीला विचारून सांगतो."