शूज खेळले की आई?

माझी आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो आणि घरी आल्यावरही तिचा पाय त्याच्यावरून हलत नाही. कुणी बोलायला लागलं की ती मध्येच दाबते.

स्वतः मात्र एका विषयावर सुसाट सुटायची. शाळेत असताना बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात तिचा संघ हरला, त्याचं खापर ती समोरच्या कॅप्टनच्या शूजवर फोडायची. पांढरे, घोट्यापर्यंत चढणारे, बाजूला लाल पट्टा. आत्याच्या पायात साधे कॅनव्हासचे. "ती कुठे खेळली? शूज खेळले," हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुढे तिच्या सख्ख्या भावाने त्याच कॅप्टनशी लग्न केलं. ती माझी आई.

आई वाद घालत नसे, फक्त भांडी जरा जोरात ठेवायची. बिचारीने आयुष्यात एक सामना गाजवला आणि त्याचंही श्रेय बुटांच्या दुकानाला.

यंदा कंपनीने तेच शूज जुन्या रूपात पुन्हा काढले. आत्याने ते घेतले. किंमत विचारली तर म्हणाली, "तुझ्या बापाच्या खिशातून नाही गेले." आणि आईला थेट इमारतीमागच्या कोर्टवर बोलावलं.

"चल वहिनी, एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

आई फिरायला जायच्या बुटांतच खाली आली. आत्या झकास दिसत होती, घोट्यापासून खाली तर अगदी सोळा वर्षांची. पण पहिल्या उडीलाच धप्पकन आवाज झाला. तळ फळीसारखा कडक, टाच मागून चावायला लागलेली. थोड्याच वेळात आत्या चेंडूमागे धावायचं सोडून चेंडूची वाट बघू लागली. आई तिच्या बाजूने जाऊन बास्केट करत राहिली. मी मोजणं सोडून दिलं.

आत्या कट्ट्यावर बसली. मोजे काढले तर दोन्ही टाचांना टरटरून फोड.

"हे घालून पळायचीस तू?"

"घरी जाऊन रडायचे," आई म्हणाली. "मामानं हौसेनं आणलेले. नको कसं म्हणणार?"

आत्या शूज उलटसुलट करून बघत राहिली. "दिसायला पैकीच्या पैकी. पायाला शून्य. एवढ्या पैशांत दोन चांगले जोड आले असते." मग मान वर न करताच म्हणाली, "म्हणजे तू खरंच चांगली खेळायचीस."

आई या घरात आल्यापासून याच वाक्यासाठी थांबली होती, हे तिचा चेहरा बघून मला कळलं. आईने खिशातून पट्टी काढून आत्याच्या एका फोडावर चिकटवली, अंमळ जोरातच दाबली.

"दुसरा पाय द्या आता, वन्सं."