थांब कुणी म्हटलं नाही

इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला मी ज्याच्यासाठी बास्केटबॉल बघायला जातो, तो अमेरिकेत कॉलेजच्या संघात कायम राखीवच होता. आता व्यावसायिक झालाय, तरी सामन्यात चारपाच मिनिटंच खेळतो. मैदानात उतरताना बुटांचे तळ हातानं पुसतो.

सामन्यानंतर खेळाडू प्रेक्षकांना टाळ्या देत फिरतात. तेव्हा मी त्याला विचारलं, "सोडून द्यावंसं नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण थांब कुणी म्हटलं नाही, मग येत राहिलो."

गणिताच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालोय; आता तिसरी, शेवटची संधी आहे. पुन्हा नापास झालो तर हा कोर्स संपला. बसू का, असं बाबांना फोनवर विचारलं.

"तुला जास्त कळतं, बाळा."

मला थांब म्हणण्याइतकं आमच्या घरात कुणी शिकलेलंच नाही. मग कुणी थांबवलं नाही, यावर मी किती भरवसा ठेवायचा?