दार बंद करायचं राहिलं

आमच्या आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, निष्काळजी माणसाची भयंकर चीड. फौजेतून सुभेदार होऊन घरी आले आणि फौजेची सगळी शिस्त मळ्यात घेऊन आले. उसाला पाणी पाजताना सरीच्या तोंडाशी मातीचा बांध फोडून पाणी आत घ्यायचं, सरी भरली की तो बुजवायचा आणि पुढचा फोडायचा. याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. ज्यानं दार फोडलं त्यानंच ते बुजवायचं, हा आण्णांचा कायदा. आईनं मध्येच चहाला हाक मारली तरी दार बुजल्याशिवाय ते खोरं खाली ठेवत नसत.

मी मलकापुरात घरी बसून मिरजेच्या एका छोट्या कंपनीचं काम करते. दवाखान्यात सलाईन मोजून सोडणारी यंत्रं असतात, त्यांच्या पोटातले प्रोग्राम लिहायचे. ज्या भाषेत लिहिते ती यंत्राच्या अगदी जवळची. लाड बिलकूल नाहीत. मेमरीतली जागा आपण मागायची आणि काम झालं की आपणच परत करायची. विसरलात तर भाषा एका शब्दानं बोलत नाही. गुमान बघत बसते आणि कधीतरी यंत्र अडकतं. चाचणीत असं एक अडकलेलं यंत्र मी बघितलं होतं. हे खाटेपाशी झालं असतं तर?

त्या धास्तीनंच मी भाषेत एक नवी सोय सुचवली. जागा मागतानाच शेजारी लिहून ठेवायचं, की मी इथून कुठल्याही वाटेनं बाहेर पडले तरी ही परत कर. बस, एवढंच. भाषा सांभाळणारी एक समिती आहे, जगभरातल्या जाणत्या माणसांची. त्यांनी ऑनलाइन बैठकीत मांडायला बोलावलं. तिथं नकार मिळाला असता तर तो विषय पुन्हा कोण कधी उघडणार होतं?

आण्णांना मी हौसेनं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ध्यान असलं की काय बी राहत न्हाई, तू आळशी लोकांची सोय कराय निघालीयास. माझं डोकंच फिरलं. घरातच विरोधी पक्ष! मी अबोलाच धरला.

आणि नेमकं बैठकीच्या दिवशी रस्त्याच्या खोदाईत आमच्या घराची इंटरनेटची केबल तुटली. मळ्यात मोबाईलला रेंज चांगली, म्हणून अबोला गुंडाळून लॅपटॉप घेऊन आण्णांच्या मागं मळ्यात गेले. संध्याकाळची वेळ, मोटार चालू, आण्णा दारं धरत होते. मी बांधावर पोतं टाकून बसले.

मांडणी बरी झाली. मग समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी थंडपणे विचारलं, की काळजीपूर्वक लिहिणाऱ्याला याची गरजच काय? आता घ्या! तेच, आण्णांचंच वाक्य, इंग्रजीत. माझा आवाज चढला. मी बोलत सुटले, की थकवा असतो, घाई असते, मध्येच कुणी हाक मारतं, माणूस आहे. ते नुसते मान हलवत होते. पटल्याचं काही दिसेना. गेलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात पायाला गार लागलं. खाली बघते तर पाणी! पोतं भिजलेलं, एक चप्पल तरंगत निघालेली. भरलेली सरी फुटून पाणी बांधावर आलं होतं. वर बघितलं. आण्णा खोरं खांद्यावर घेऊन चार हातांवर उभे होते. दाराकडं पाठ, नजर माझ्याकडं. एवढ्या लोकांपुढं भांडणारी लेक ते ऐकत होते, आणि पाठीमागं दार तसंच उघडं होतं.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी लॅपटॉप उचलून कॅमेरा त्यांच्याकडं वळवला आणि समितीला सांगितलं, की हे माझे वडील, माझ्या ओळखीतला सगळ्यात सावध माणूस, आणि हे त्यांचं उघडं राहिलेलं दार. आण्णा आधी ओशाळले. मग फौजेतल्यासारखे ताठ झाले आणि मला म्हणाले, "सांग त्यास्नी. सुभेदार बी चुकतो म्हणावं."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. ते वयस्कर गृहस्थ मोठ्यानं हसले आणि म्हणाले, माझी हरकत मागं घेतो. थोड्या दुरुस्त्या सुचवून त्यांनी प्रस्ताव पुढच्या टप्प्यात घेतला.

आण्णांनी तोवर दार बुजवलं होतं. माझी चप्पलही शोधून आणली. भाषेत ही सोय कवा येणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आण्णा, अजून दोन-तीन वर्षं तरी जातील, लय तपासून घेतात.

"जाऊ देत की," ते म्हणाले. "तवर दारं बुजवाय मी हाय." आणि माझ्याकडं न बघता पुढच्या सरीला गेले.