प्लास्टिकची हिरवळ

विमानतळावर कुत्र्यांच्या शी-शूसाठी एक खोली केली आहे. भिंतीवर हसऱ्या कुत्र्यांची चित्रं, खाली प्लास्टिकची हिरवळ आणि हवेत कसलासा फुलांचा वास. माझं विमान उशिरा होतं, म्हणून मी तिच्या दारासमोर बसले होते. असल्या खोल्या फोटोसाठीच बांधतात, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात एक अंध बाई आपल्याला वाट दाखवणाऱ्या कुत्रीला घेऊन आत गेल्या. कुत्री त्या हिरवळीवर नुसती ताठ उभी राहिली.

"छताखाली करायचं नाही, हे तिला पिल्लू असतानाच शिकवलंय," बाई सोबतच्या कर्मचाऱ्याला म्हणाल्या. "बाहेर थोडी माती मिळेल का?"

"मॅडम, सोय इथेच आहे. बाहेर गेलात तर पुन्हा सगळी तपासणी होईल."

काचेपलीकडे धावपट्टीच्या कडेनं लांबच लांब खरं गवत होतं. आपल्याकडे सोय अशीच होते. जिच्यासाठी करायची, तिला कुणी विचारत नाही. बघणाऱ्याला बरं वाटलं की काम झालं. आणि सोय उपयोगी पडली नाही, तर हट्टी कोण? कुत्री.

ती बिचारी पोट आवळून तशीच बाहेर आली. दाराशी एक स्क्रीन होता. 'आमची सोय कशी वाटली?' असं विचारून त्यावर एक हसरा आणि एक रडका चेहरा काढला होता. बाईंना ते दिसणार नव्हतंच.

"मी दाबतो तुमच्या वतीनं," कर्मचारी अदबीनं म्हणाला, आणि त्यानं हसरा चेहरा दाबला.