भोंगा वाजलाच नव्हता

ती केस मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. शिपाई म्हणून भरती झाले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. शिक्षण सातवी. खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण तुमचे सगळ्यात चांगले काम कोणते असे कोणी विचारले, तर मी हीच केस सांगते. नाव कोणाचे घेणार नाही.

तेव्हा मी वणीकडच्या कोळसा पट्ट्यातल्या एका ठाण्यात बीट जमादार होते. माझ्या बीटमध्ये एका खाजगी कंपनीची उघडी खाण होती. खाण जुनी, गोऱ्या साहेबाच्या काळात सुरू झालेली. मालक तेवढे बदलत गेले. कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी बाराच्या सुमारास ठाण्यात फोन आला. कंपनीचा सुरक्षा अधिकारी बोलत होता. एक बाई कोळसा चोरायला आत शिरली होती, सुरुंगाचा दगड डोक्यात लागून मेली. भोंगा तीनदा वाजवला होता, तिने ऐकला नाही. ठाणे अंमलदाराने जसेच्या तसे लिहून घेतले.

ठाण्यात ज्याचा फोन आधी येतो त्याची हकीकत आधी लिहिली जाते. बाकीच्यांना मग ती खोडत बसावे लागते.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि ठाणेदारांनी तपास माझ्याकडे दिला. बाई तिच्याच शेतात पडलेली होती, खाणीच्या कुंपणापासून वीसेक पावलांवर. कंपनीचा माणूस म्हणाला, आमच्या गार्डांनीच तिला बाहेर आणून ठेवले. मी तिचा पदर बाजूला केला. कमरेच्या ओटीत वेचलेला कापूस गच्च भरलेला होता. कोळसा चोरायला कोणी कापसाची ओटी बांधून जात नाही. तसे मी पंचनाम्यात लिहिले. शेजारी तिची पोरगी बसली होती, वीस-एकवीस वर्षांची. रडत नव्हती.

"बाई, माही माय चोट्टी नव्हती. तेवढं लिहा."

"जे दिसन ते लिहीन," मी म्हटले. खोटा धीर देण्याची मला सवय नाही.

चोरीचे ओटीने निपटले, पण भोंग्याचे उरले होते. भोंगा वाजला असेल तर चूक तिची, केस बंद. चावडीवर गावातले पुरुष एका सुरात सांगत होते की भोंगा वाजला नाही. कंपनीच्या रजिस्टरमध्ये मात्र साडेअकराची वेळ टाकून तीन भोंगे लिहिलेले होते. अशा रजिस्टरपुढे गावाच्या तोंडी बोलण्याला कोणी किंमत देत नाही, हे मला नोकरीने शिकवले होते.

बायकांचे जबाब घ्यायला मी घराघरांत गेले. पहिल्याच घरी सुरुंगाच्या हादऱ्याने मांडणीवरचे डबे खाली पडलेले, तुरीची डाळ चुलीपर्यंत सांडलेली. घरची बाई झाडू घेऊन उभी होती.

"हे रोजच पडते का?"

"रोज कायले पडन? भोंगा झाला का आमी समदे डबे खाली उतरवतो. बार उडला का परत वर. रोजचं लचांडच हाये हे."

"मग आज काहून नाही उतरवले?"

ती माझ्याकडे, या बाईला पोलिसात कोणी घेतले, अशा नजरेने पाहू लागली. "भोंगाच नाही झाला त उतरवू कायले?"

"झाडू खाली ठेव," मी म्हटले.

संध्याकाळपर्यंत नऊ स्वयंपाकघरांचा पंचनामा केला. कोणता डबा कोणत्या फळीवरून पडला, पाण्याच्या कोणत्या गुंडाला पोचा आला, लोणच्याची बरणी कुठे फुटली, सगळे लिहिले, फोटो काढले. पंचांच्या सह्या घेतल्या. ठाण्याचे कागद लिहिणारा आमचा रायटर हसायला लागला.

"ताई, या ठाण्यात आजपर्यंत भांड्यांचा पंचनामा झाला नाही."

"आजपर्यंत या ठाण्यात मांडणी लावणारं कोणी होतं का?"

दुसऱ्या दिवशी खाणीतल्या आधीच्या मृत्यूंचे कागद काढले. जुनी बाडे उघडली. एक कागद इंग्रजांच्या वेळचा होता. रायटरने वाचून सांगितला: मजूर स्वतःच्या गाफीलपणाने मेला, कंपनीकडे दोष नाही. स्वातंत्र्यानंतरच्या कागदातही तेच वाक्य. पुढच्यातही तेच. शेवटचा कागद तीन वर्षांपूर्वीचा, खाणीच्या ट्रकखाली सापडलेल्या मजुराचा. अक्षर माझे होते. नमुना समोर ठेवला होता आणि मी उतरवून काढला होता. त्या मजुराच्या घरी मी गेलेसुद्धा नव्हते. गोरा साहेब जाऊन एवढी वर्षे झाली, तरी त्याच्या कंपनीला वाचवणारे वाक्य आम्ही फुकट लिहून देत होतो. लाज वाटली. लाज वाटून घेऊन तपास पुढे जात नाही, म्हणून भोंगेवाल्याला बोलावले.

तो सुरुंग उडवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस, त्याच गावचा. चहा दिला, तो प्यायला नाही.

"भोंगा वाजवला?"

"वाजवला ना बाई. तीनदा."

"रोजचा बार किती वाजता?"

"दोन."

"मग काल साडेअकराले काहून?"

त्याने चहाचा कप दूर सारला.

"तुह्या घरात जाऊन आली मी. तुह्या बायकोचेही डबे पडले. आख्ख्या गावाले ऐकू जाणारा भोंगा तिलेच ऐकू नाही आला? बहिरी हाये का ते?"

"ते कायले बहिरी राहीन बाई. तिच्या बोलण्यानं मीच बहिरा झालो." एवढे बोलून तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला.

मग सगळे बाहेर आले. हेडऑफिसचे मोठे साहेब दोन वाजता खाण पाहायला येणार होते. मॅनेजर म्हणाला, बार आधीच उडवून घ्या आणि भोंगा वाजवू नका, भोंगा झाला की गाववाले तक्रारी घेऊन गेटवर जमा होतात.

ठाणेदार म्हणाले, "भोंगेवाल्याचं नाव टाका आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, त्याच्या हाती बटण होतं. हुकूम दुसऱ्याचा होता."

मॅनेजरने मला खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली आणि सांगितले की ब्लास्टिंग ठेकेदाराचे काम आहे. ठेकेदार म्हणाला, मी साहेबांच्या शब्दाबाहेर नाही. मी बारच्या परवानगीचा कागद मागितला. सही मॅनेजरची. वेळ दुपारी दोन. म्हणजे त्याच्या सहीशिवाय बार उडत नव्हता आणि साडेअकराच्या बाराला परवानगीच नव्हती. तो कागद, भांड्यांचे फोटो आणि जुन्या बाडातली ती वाक्ये ठाणेदारांच्या टेबलावर एका रांगेत ठेवली. त्यातला माझा कागदही ठेवला. त्यांनी एकेक कागद उलटून पाहिला आणि ते म्हणाले, "लिहा मॅनेजरचं नाव."

निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा. भोंगेवाला साक्षीदार झाला. त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला, म्हणजे पुढे त्याला कोणी फिरवू नये. गुन्हा जामिनाचा, त्यामुळे मॅनेजर त्याच दिवशी सुटला. पण कागदपत्रे होईपर्यंत आमच्या बाकावर बसला, भोंगेवाल्याच्या शेजारी.

कोर्टात मॅनेजरच्या वकिलांनी मला विचारले, "शिक्षण किती?"

"सातवी."

"मग ब्लास्टिंगमधलं तुम्हाला काय कळतं?"

"काहीच नाही साहेब. घर सांभाळायचं कळते. नऊ घरच्या बायका ठरवून वर्षाची डाळ मातीत सांडत नाहीत."

मॅनेजरला शिक्षा झाली. हेडऑफिसच्या कोणाला साधा जबाब द्यायलाही यावे लागले नाही. तिथपर्यंत माझा हात पोचला नाही आणि पोचला असे मी सांगणार नाही. पण त्या ठाण्यात कंपनीच्या माणसाचे नाव आरोपीच्या रकान्यात पहिल्यांदा गेले, ते माझ्या अक्षरात. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. तयार वाक्य समोर आले की पेन खाली ठेवायचे आणि आधी घर पाहून यायचे. माझ्या हाताखालच्या पोरांना मी निवृत्त होईपर्यंत हेच सांगितले.

निकालानंतर त्या मेलेल्या बाईची पोरगी निकालाची नक्कल घेऊन ठाण्यात आली. सरळ माझ्यासमोर बसली आणि पहिल्या पानापासून एकेका ओळीखाली बोट फिरवत गेली. मला वाटले, शिक्षा किती झाली ते शोधते आहे. तिने सगळी पाने उलटली.

"मॅनेजरवालं पान पाठीमागं हाये," मी म्हटले.

"ते नाही पाहून राह्यली बाई. चोर लिहिलं का कुठं, ते पाहून राह्यली."

"मंग?"

"नाही लिहिलं." तिने कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला. "शेतात कापूस वेचत होती, असं लिहिलं हाये."